‘टाइम्सने’ की ‘टाइम्समध्ये’? ऑप-एड या शब्दाचा अर्थ, उगम आणि वापर

प्रश्न : ‘ऑप-एड’ म्हणजे ‘ओपिनियन एडिटोरियल’ ना? तो वर्तमानपत्राचा अग्रलेखच समजायचा का? मराठीत त्याला काय म्हणावे, आणि आपण स्वतः लिहून पाठवायचा झाला तर काय सांभाळावे?

उत्तर :

पहिल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’. ‘ऑप’ हे ‘ओपिनियन’चे लघुरूप नाही, ‘ऑपोझिट’चे आहे. पूर्ण शब्दप्रयोग ‘ऑपोझिट द एडिटोरियल पेज’, म्हणजे संपादकीय पानाच्या समोरचे पान. पेपर उघडून दोन्ही हातांत धरला की डावीकडे अग्रलेखाचे पान असते आणि उजवीकडे जे येते ते ऑप-एड. हे नाव मताला दिलेले नाही, कागदावरच्या जागेला दिलेले आहे. पुढे पानाचे नाव त्या पानावरच्या लेखाला चिकटले, जसे ‘पेज थ्री’ हे पानाचे नाव तिथे झळकणाऱ्या मंडळींना चिकटले.

दुसरा गैरसमज थोड्या जाणत्या लोकांमध्ये आढळतो. ‘ऑपोझिट’ म्हणजे विरुद्ध, म्हणून अग्रलेखाच्या विरोधी मताचा लेख तो ऑप-एड, असे ते धरून चालतात. हेही बरोबर नाही. ऑप-एड अग्रलेखाच्या विरोधात असू शकतो, बाजूने असू शकतो, किंवा अग्रलेखाने ज्याला हातही लावलेला नाही अशा विषयावर असू शकतो. गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण ‘समोरचा’ या मराठी शब्दालाही या दोन्ही छटा आहेत. समोरचे घर वेगळे आणि वादातला समोरचा वेगळा. ऑप-एडमधला ‘समोर’ हा घराचा.

वर्तमानपत्राचे पहिले पान नेहमी उजव्या हाताला असते, त्यामुळे आतली सम आकड्यांची पाने डावीकडे आणि विषम आकड्यांची उजवीकडे येतात. संपादकीय पान बहुधा सम आकड्याचे, सहावे किंवा आठवे, आणि त्यासमोरचे सातवे किंवा नववे ऑप-एडचे. वाचताना ही पाने शेजारी दिसत असली तरी छपाईत बहुधा शेजारी नसतात. १६ पानांच्या अंकात एकाच कागदाच्या एका बाजूवर येणाऱ्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज १७ होते. म्हणजे सहाव्याचा जोडीदार अकरावे आणि सातव्याचा दहावे. आठ-नऊ हेच काय ते मधले जोडपान. एरवी ही दोन पाने समोरासमोर आणायची हे आराखडा करतानाच ठरवावे लागते, आणि दुपारी एखादी मोठी जाहिरात आली किंवा पाने कमी झाली की पहिला बळी ऑप-एडचा जातो. अग्रलेखाचे पान सहसा कोणी हलवत नाही.

आता उगम.

१९२१ च्या सुमारास ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पुलित्झर घराण्याच्या दैनिकाची सूत्रे हर्बर्ट बेयार्ड स्वोप यांच्याकडे होती. बातमीदारीचे पहिले पुलित्झर पारितोषिक, १९१७ चे, मिळवणारे हेच स्वोप. संपादकीय पानासमोरचे पान तेव्हा अडगळीच्या खोलीसारखे होते. पुस्तक परीक्षणे, प्रतिष्ठितांच्या मेजवान्यांची वर्णने, मृत्युलेख असे जे दुसरीकडे मावत नाही ते तिथे. स्वोप यांनी ते पान झाडून पुसून मोकळे केले आणि तिथे मतेच छापायची असे ठरवले. मत रंजक असेल तर त्याच्याइतके रंजक दुसरे काही नाही, अशी त्यांची धारणा होती. या पानावर तथ्यांकडे दुर्लक्ष करून मते छापायची, असेही ते अर्धवट चेष्टेने म्हणत. हेवूड ब्रून, फ्रँकलिन पी. अ‍ॅडम्स, अलेक्झांडर वुलकॉट अशी तेव्हाची गाजलेली नावे या पानावर लिहू लागली आणि लोक पेपर उघडून थेट तिथे जाऊ लागले.

पण स्वोप यांचे पान आजच्या अर्थाने ऑप-एड नव्हते. तिथे लिहिणारे दैनिकाचेच पगारी लोक होते. आपण ज्याला सदर म्हणतो तसे ते. आणि जागा समोरची असली तरी घर एकच असल्याने धाकही तोच. खुनाच्या खटल्यात दोषी ठरलेले, इटलीहून आलेले अराजकवादी सॅको आणि व्हँझेटी यांच्या देहदंडाचा वाद १९२७ च्या ऑगस्टमध्ये पेटला. ब्रून यांनी शिक्षा कायम ठेवणाऱ्या मॅसॅच्युसेट्सच्या राज्यपालांवर आणि त्यांच्या सल्लागार समितीतल्या हार्वर्डच्या अध्यक्षांवर जळजळीत लिहिले. दोन लेख छापले गेले, पुढचे मालकांनी अडवले. संपादकीय पान त्या वेळी वॉल्टर लिपमन यांच्याकडे होते आणि त्याचा सूर बराच सावध होता. पुढच्या वर्षी ब्रून ‘वर्ल्ड’मधून बाहेर पडले, आणि १९३१ मध्ये ‘वर्ल्ड’च बंद झाले. समोरच्या पानावरचे मत दैनिकाचे की लिहिणाऱ्याचे हा प्रश्न त्या पानाबरोबरच जन्माला आला होता.

त्याचे उत्तर देणारा बदल ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने केला. २१ सप्टेंबर १९७० ला त्यांचे ऑप-एड पान सुरू झाले. कल्पना संपादकीय पानाचे प्रमुख जॉन ओक्स यांची. ती कित्येक वर्षे लावून धरल्यावर मान्य झाली. पानाचे पहिले संपादक हॅरिसन सॉल्सबरी. इथेही समोरच्या पानावरचे मृत्युलेख आधी हलवावे लागले. फरक असा की हे पान मुख्यतः बाहेरच्या लोकांसाठी होते : प्राध्यापक, मुत्सद्दी, कवी, कामगार, तुरुंगातले कैदी, कोणीही. दैनिकाचे स्तंभलेखकही तिथे आले. निव्वळ शोभेची नसलेली, लेखाशी वाद घालणारी रेखाचित्रे ही त्या पानाची आणखी एक ओळख ठरली.

१९७० हेच वर्ष का, याची कारणे दोन-तीन आहेत. ‘हेरल्ड ट्रिब्यून’ हे न्यूयॉर्कमधले दुसरे वजनदार दैनिक १९६६ मध्ये बंद पडले होते. त्यामुळे दुसरी बाजू कुठे छापून येणार, असा प्रश्न खराच होता. व्हिएतनाम युद्धावरून देश दुभंगला होता. नोव्हेंबर १९६९ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष स्पायरो अ‍ॅग्न्यू यांनी वृत्तवाहिन्यांवर आणि लगेच ‘टाइम्स’ व ‘वॉशिंग्टन पोस्ट’वर एककल्लीपणाचा आरोप केला होता. आणि तिसरे कारण पैशाचे. या पानाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चतुर्थांश पान जाहिरातीला ठेवले होते. मोबिल या तेल कंपनीने १९७० पासूनच तिथे लेखासारख्या दिसणाऱ्या, सरकारी धोरणांवर भाष्य करणाऱ्या जाहिराती द्यायला सुरुवात केली. म्हणजे एकाच पानावर तीन प्रकारची मते आली : पाहुण्याचे, पगारी स्तंभलेखकाचे आणि जागा विकत घेणाऱ्याचे. या तिसऱ्याला ‘अ‍ॅडव्हर्टोरियल’ म्हणतात. आपल्याकडे वाढदिवसाच्या पुरवणीत तो कसा दिसतो हे सांगायला नको.

पुढे अमेरिकेतल्या बहुतेक दैनिकांनी असे पान सुरू केले आणि शब्द जगभर गेला. मग कागदच मागे पडला. मोबाइलच्या पडद्यावर डावे-उजवे नसते, तिथे ‘समोर’ म्हणजे कशासमोर? २६ एप्रिल २०२१ ला ‘टाइम्स’च्या मत विभागाच्या संपादक कॅथलीन किंग्जबरी यांनी हेच कारण देऊन ऑप-एड हा शब्द आपल्या दैनिकापुरता निवृत्त केला. बाहेरच्यांच्या लेखांवर तेव्हापासून ‘गेस्ट एसे’ असे लिहिलेले असते. ज्याने हा शब्द जगाला दिला त्यानेच तो टाकला, पण बाकीचे जग तो वापरतेच आहे.

मराठीत काय म्हणायचे याआधी आपल्या घरातले शब्द बघू, कारण गोंधळाचे निम्मे मूळ तिथे आहे. ‘अग्रलेख’ हा ‘लीडिंग आर्टिकल’ला दिलेला प्रतिशब्द. ब्रिटिश दैनिकांत त्यालाच ‘लीडर’ म्हणतात, अमेरिकेत ‘एडिटोरियल’. अग्रलेखाखाली नाव नसते, कारण तो त्या पत्राचा आवाज असतो. जुन्या अग्रलेखांतले ‘आम्ही’, ‘आमच्या मते’ हे या अर्थाचे अनेकवचन आहे, आदराचे नव्हे. अग्रलेखाखालचे छोटे टिपण म्हणजे ‘स्फुट’. ‘संपादकीय’ हा शब्द मात्र फसवा आहे. एका अर्थाने तो अग्रलेखाला पर्याय, आणि दुसऱ्या अर्थाने संपादकीय विभागाचे, म्हणजे जाहिरात नसलेले, सगळेच काही. त्यामुळे त्या पानावर जे जे छापले जाते ते ‘संपादकीय’ अशी समजूत होते. स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये ‘आजचे संपादकीय वाचले का?’ असे विचारणाऱ्याच्या मनात बरेचदा बाहेरच्या तज्ज्ञाचा लेख असतो. भारतातल्या अनेक दैनिकांत असा मुख्य लेख समोरच्या नव्हे, अग्रलेखाच्याच पानावर छापतात, त्याने भर पडते ती वेगळीच.

बाहेरच्याने दैनिकात मत मांडणे ही गोष्ट मात्र आपण अमेरिकेकडून घेतलेली नाही. गोपाळ हरी देशमुखांची शतपत्रे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये छापून येऊ लागली. लिहिणारे सरकारी नोकरीतले, नाव ‘लोकहितवादी’ हे टोपण, पत्र दुसऱ्याचे, आणि मते अशी की वाचणाऱ्या वर्गालाच झोंबणारी. अशी १०८ पत्रे. समोरचे पान नव्हते इतकेच, बाकी ऑप-एडची सगळी लक्षणे त्यांत आहेत. उलट, पत्राचा आवाज एकच असावा लागतो तेव्हा काय होते याचे उदाहरण म्हणजे आगरकर. ‘केसरी’चे पहिले संपादक तेच. पण सामाजिक सुधारणांवरून सहकाऱ्यांशी मतभेद वाढले, १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. त्या काळी वेगळे मत मांडायला वेगळे पत्रच काढावे लागे. पुढे केवळ समोरचे पान पुरू लागले, हा फरक लहान नाही.

‘स्तंभ’ आणि ‘स्तंभलेखक’ हे शब्दही असेच जागेचे आहेत. ‘कॉलम’ म्हणजे पानावरचा उभा रकाना. १८३२ च्या ‘दर्पण’मध्ये तर एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात तोच मजकूर इंग्रजीत असे. ठरावीक रकाना ठरावीक माणसाला नेमून दिला की तो स्तंभलेखक. मराठीत ‘सदर’ हा त्याला रुळलेला शब्द, आणि तोही मुळात बैठकीच्या जागेचाच!

तर माझी शिफारस अशी. पानाबद्दल बोलत असाल तर ‘ऑप-एड पान’ म्हणा. ते रुळले आहे, आणि ‘संपादकीयासमोरचे पान’ दर वेळी म्हणणे कोणाच्याने होणार नाही. लेखाबद्दल बोलत असाल तर ‘अतिथी लेख’ किंवा ‘पाहुणा लेख’ म्हणा. ‘मतलेख’ही चालेल, पण त्यात पगारी स्तंभलेखकही येतो. ‘अभिप्राय संपादकीय’ किंवा ‘संपादकीय लेख’ हे भाषांतर मात्र टाळा. ते शब्द म्हणून वाईट आहे म्हणून नव्हे, तर चुकीच्या माणसाच्या तोंडी मत घालते म्हणून. उच्चार ‘ऑप-एड’, दोन तुकड्यांत. ‘ओपेड’ नाही.

ही चूक प्रत्यक्षात कशी होते ते पाहा. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये काश्मीरवर पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान इम्रान खान यांचा लेख आला. २ ऑक्टोबर २०१९ ला, महात्मा गांधींच्या दीडशेव्या जयंतीला, त्याच दैनिकात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा गांधीजींवरचा लेख आला. सप्टेंबर २०१३ मध्ये सीरियाच्या प्रश्नावर व्लादिमिर पुतिन यांचा आला होता. आता पहिला लेख दाखवून ‘टाइम्सने भारताविरुद्ध लिहिले’ म्हणायचे आणि दुसरा दाखवून ‘टाइम्सने भारताची बाजू घेतली’ म्हणायचे, तर पाच आठवड्यांत त्या दैनिकाने कोलांटी मारली असे होईल. तसे काही घडले नाही. दोन्ही लेख टाइम्समध्ये होते, टाइम्सने लिहिलेले नव्हते. ‘ने’ हा कर्त्याला लागणारा तृतीयेचा प्रत्यय, ‘मध्ये’ हे जागा दाखवणारे शब्दयोगी अव्यय. सगळा विषय या दोन अक्षरसमूहांत आहे. भाषांतर करणाऱ्याने आणि वाहिनीवर खालची पट्टी लिहिणाऱ्याने एवढे तपासले तरी निम्म्या खोट्या खळबळी थांबतील.

मात्र ‘मध्ये’ म्हटले की दैनिक हात झटकून मोकळे होते असे नाही. जून २०२० मध्ये अमेरिकेतल्या आंदोलनांच्या वेळी सैन्य उतरवा असे सुचवणारा सिनेटर टॉम कॉटन यांचा लेख टाइम्समध्ये ३ तारखेला आला. दैनिकाच्याच कर्मचाऱ्यांनी उघड विरोध केला, लेखाच्या संपादनात त्रुटी राहिल्याचे दैनिकाने मान्य केले आणि ७ तारखेला संपादकीय पानाचे प्रमुख जेम्स बेनेट यांनी राजीनामा दिला. मत पाहुण्याचे असले तरी पाहुण्याला आत घेण्याचा निर्णय यजमानाचा असतो. तो निर्णय बरोबर की चूक यावर आजही दोन तट आहेत. माझ्या मते लेख छापण्यापेक्षा तो नीट न तपासता छापणे हा मोठा दोष होता.

कायद्याच्या नजरेतून हा फरक आणखी पुसट होतो. ‘या लेखातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ ही ओळ वाचकाला माहिती म्हणून ठीक आहे, पण बदनामीच्या खटल्यात ती ढाल होत नाही. १८६७ च्या मुद्रण व नोंदणी कायद्यामुळे प्रत्येक अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे छापावी लागत आली. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे आणि तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. संपादकाची जबाबदारी अग्रलेखापुरती नसते, बाहेरून आलेल्या पत्रालाही ती लागू होते. बदनामीचे कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत ४९९ होते, आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. लेखक आणि संपादक दोघेही त्यात येतात.

याचे सर्वांत ठळक मराठी उदाहरण बहुतेकांना चुकीचे पाठ असते. १८९७ मध्ये टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली ती ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ या अग्रलेखाबद्दल, असे सर्रास सांगितले जाते. तो अग्रलेख जुलैचा. खटला उभा राहिला तो ‘केसरी’च्या १५ जून १८९७ च्या अंकातल्या मजकुरावर, आणि तो मजकूर अग्रलेख नव्हताच. टोपणनावाने छापलेली ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता आणि शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तांत, असे त्याचे स्वरूप होते. राजद्रोहाच्या कलमाला पानावरची जागा दिसली नाही, अंकावरचे नाव दिसले. १९०८ मध्ये मात्र ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेखच आरोपपत्रात होते आणि शिक्षा सहा वर्षांची झाली.

आता शेवटचा प्रश्न, लेख लिहून पाठवण्याचा. लांबीबद्दल मराठी दैनिकांचा साधारण रिवाज असा : पानावरचा मुख्य लेख ९०० ते ११०० शब्द, खालचा दुय्यम ५०० ते ७००, वाचकपत्र १५० ते २००. इंग्रजी दैनिकांचा ७५० शब्दांचा जुना दंडक मराठीला जसाच्या तसा लावू नका. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे तोच मजकूर मराठीत कमी शब्दांत बसतो, पण देवनागरीला वर वेलांट्या-मात्रा-रफार आणि खाली उकारांसाठी ओळींत जास्त अंतर लागते. शब्द कमी आणि जागा तेवढीच, असा हिशेब होतो. २००० शब्द पाठवून ‘हवे तेवढे कापा’ असे कळवणे म्हणजे लेख परत मागवणे. रात्री पान लावणारा उपसंपादक शेवटाकडून कापतो, आणि नवख्यांचा मुद्दा नेमका शेवटीच असतो.

म्हणून मुद्दा पहिल्या शंभर शब्दांत आला पाहिजे. विषय सांगणे म्हणजे मुद्दा सांगणे नव्हे. ‘उसाच्या दराचा प्रश्न’ हा विषय झाला. ‘उसाचा दर साखरेच्या भावाशी बांधण्याऐवजी इथेनॉलसह एकूण उत्पन्नाशी बांधावा’ हा मुद्दा. त्याच्याशी कोणी असहमत होऊ शकतो ना, एवढे विचारून पाहा. कोणीच होऊ शकत नसेल तर तो लेख नाही, सुविचार आहे. त्यानंतर निमित्त : आजच का? अधिवेशन, निकाल, अहवाल, जयंती, दुर्घटना, काहीतरी चार-आठ दिवसांतले. निमित्त संपले की उत्तम लेखही शिळा होतो, म्हणून विषय वेळापत्रकातला असेल तर लेख तीन-चार दिवस आधी पोचला पाहिजे.

मधल्या भागात सगळ्यात जास्त लेख फसतात ते पूर्वपक्षावर. आपल्या शास्त्रचर्चेची रीत जुनी आहे : आधी समोरच्याचे म्हणणे त्याला पटेल इतक्या ताकदीने मांडायचे, मग उत्तरपक्ष. ऑप-एडमध्ये याला शे-सव्वाशे शब्द द्यावेत, आणि ते लेखाच्या दुसऱ्या तृतीयांशात. अगदी सुरुवातीला दिले तर वाचकाला तेच तुमचे मत वाटते, अगदी शेवटी दिले तर माघार घेतल्यासारखे दिसते. पूर्वपक्षाचा बुजगावणा करून त्याला बडवणे हा प्रकार संपादकाला दुसऱ्या परिच्छेदातच ओळखू येतो.

सर्वनामाकडे लक्ष ठेवा. ‘आम्ही’ हे अग्रलेखाचे. पाहुण्याने ‘मी’ लिहावे. ‘आपण’ लिहिताना त्यात कोण कोण आले ते स्पष्ट हवे. ‘आपण शेतकऱ्याला विसरलो’ हे वाक्य शेतकरी वाचतो तेव्हा तो कुठे बसतो? आकडे दिले तर प्रत्येक आकड्याचे मूळ वेगळ्या टिपेत संपादकाला द्यावे, लेखात तळटिपा नकोत. पाच आकड्यांपेक्षा जास्त झाले की तो मत मांडणारा लेख राहत नाही, तक्ता होतो.

लेखाखालची ओळख फार महत्त्वाची, आणि नेमकी तीच सर्वांत निष्काळजीपणे लिहिली जाते. ‘लेखक सामाजिक कार्यकर्ते आहेत’ यातून काहीच कळत नाही. इथेनॉल धोरणाची बाजू घेणारा लेखक साखर कारखान्याच्या संचालक मंडळावर असेल तर ते त्या ओळीत आलेच पाहिजे. औषधांच्या दरांवर लिहिणारा कंपनीचा सल्लागार असेल तर तेही. यामुळे लेख कमकुवत होत नाही. लपवले आणि नंतर उघड झाले तर मात्र लेख आणि दैनिक दोन्ही जातात. निनावी लेख जवळजवळ कोणीच घेत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये टाइम्सने ट्रम्प प्रशासनातल्या एका अधिकाऱ्याचा निनावी लेख छापला, तो इतका गाजला कारण तो अपवाद होता. मात्र तो कोण हे संपादकांना ठाऊक होते. २०२० मध्ये माइल्स टेलर यांनी स्वतःच नाव सांगितले.

एकच लेख एका वेळी दोन दैनिकांना पाठवू नका. दोन्हीकडे छापून आला तर पुढची दारे दोन्हीकडची बंद होतात. आठवडाभर उत्तर आले नाही तर कळवून दुसरीकडे द्यावा. मथळा तुम्ही सुचवा, पण तो बदलेल हे धरून चाला, कारण मथळा पानाच्या मोजमापात बसवावा लागतो. मजकुरातला अर्थ बदलणारे संपादन मात्र तुम्हाला दाखवून व्हायला हवे, तसे आधीच सांगून ठेवावे. तथ्याची चूक निघाली तर दुरुस्ती दैनिकाच्या नावाने छापली जाते. मताला दुरुस्ती नसते, त्याला उत्तर म्हणून दुसरा लेख असतो.

शेवटी ऑनलाइनचा भाग. कागदावर ऑप-एडला वेगळी खूण करावी लागत नसे, पानच खूण होते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कात्रणात वर दैनिकाचे बोधचिन्ह राहते, लेखकाचे नाव कापले जाते, आणि ‘मध्ये’चे ‘ने’ होऊन जाते. म्हणून संकेतस्थळावर ‘अतिथी लेख’ ही चिठ्ठी मथळ्याच्या वर हवी, बाजूला किंवा तळाशी नको. लेखकाचे नाव मथळ्याला लागून हवे, म्हणजे कात्रण काढणाऱ्याला ते कापायला मुद्दाम कष्ट पडतील. वाचक म्हणून असे कात्रण हाती आले तर दोन गोष्टी बघा : लेखाखाली किंवा वर नाव आहे का, आणि मजकुरात ‘मी’ आहे की ‘आम्ही’. नाव असेल तर मत त्या माणसाचे. नाव नसेल आणि मजकूर अग्रलेखाच्या ठरलेल्या सदरात असेल, तरच ‘अमुक दैनिकाने म्हटले’ असे लिहा.